पिठाळलेला पत्रा

आमच्या गिरणीच्या दोन भिंतींना बाहेरून निळा पत्रा आहे. साताऱ्याच्या शाहूपुरीत राहणाऱ्यांना त्याचं कारण सांगायला नको. पावसाळ्यात यवतेश्वराच्या डोंगरावरून ढग खाली उतरतात आणि पाऊस सरळ न पडता आडवा मारतो. विटांची भिंत दरवर्षी ओल धरायची, आत लोकांच्या ज्वारी-गव्हाच्या पिशव्या, म्हणून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, २००७ साली पश्चिमेला आणि दक्षिणेला कलर कोटेड पत्रा मारून घेतला. उत्तरेला त्याच्या कितीतरी आधीपासून साधा जीआयचा, म्हणजे लोखंडावर जस्त चढवलेला, नालीदार पत्रा होता. त्याला त्यांनी स्वतःच्या हातानं ऑइल पेंट दिला होता.

अण्णा २०१५ला गेले. तेव्हापासून गिरणी आणि मिरची कांडप मी बघते. यंदा जानेवारीत आम्ही हा सगळा पत्रा धुऊन पुन्हा रंगवला. रंगवण्यापेक्षा धुण्याला जास्त दिवस लागले आणि मला लिहायचंय ते त्या धुण्याबद्दलच.

आधी चूक कुठं झाली ते सांगते. २०२२च्या दिवाळीआधी एका ठेकेदाराला काम दिलं होतं. पत्रा फिका पडला होता, निळ्याचा राखाडी झाला होता. माणसं आली, सकाळी पाइपनं पाणी मारलं, दुपारी रंगाला सुरुवात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंत नव्यासारखी. १८ हजार दिले आणि मी समाधानी होते.

जुलै २०२३मध्ये एका सकाळी गिरणी उघडायला गेले तर पश्चिमेच्या भिंतीखाली चिखलात निळे पापुद्रे पडलेले. एक तर पोळीएवढा होता. मी तो उचलून उलटा केला. पुढची बाजू गुळगुळीत निळी, आणि मागची बाजू पांढरट, भुरभुरीत. बोट फिरवलं तर बोटाला पीठ लागलं. भिंतीवर जिथून तो सुटला होता तिथं हात फिरवला, तिथंही पीठ. रंग तुटला नव्हता, कुजला नव्हता. तो पत्र्याला कधी चिकटलाच नव्हता.

माझा जन्म पिठात गेला, तेव्हा हे कळायला मला वेळ लागला नाही. भाकरी थापताना परातीत आपण कोरडं पीठ भुरभुरतो ते कशासाठी? भाकरी परातीला चिकटू नये म्हणून. त्या माणसांनी पिठावर रंग थापला होता. फोन केला तर उत्तर आलं की पाऊस जास्त झाला, तुमचा पत्राच खराब आहे, नवा घाला. मला फार राग आला. पैशाचा आलाच, पण अण्णांनी घातलेल्या पत्र्याला खराब म्हणाल्याचा जास्त आला.

करंजे भागातल्या एका जुन्या पेंटरमामांना बोलावलं. पूर्वी अर्ध्या साताऱ्याच्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या असायच्या. फ्लेक्स आल्यावर ते काम गेलं. आता वय झालंय, शिडी चढत नाहीत, पण अण्णांचं नाव काढल्यावर आले. त्यांनी भिंतीकडं नुसतं बघितलं नाही. खिशातला काळा फडका काढला, बोटाला गुंडाळला आणि पत्र्यावरून वीतभर ओढला. फडक्यावर पांढरा पट्टा उमटला.

"ताई, ह्यो रंग पिठाळलाय," ते म्हणाले. "ह्याच्यावर सोन्याचा रंग मारला तरी टिकायचा न्हाई."

पेंटर लोक याला चॉकिंग म्हणतात, पण मला पिठाळणं हाच शब्द पटला. होतं असं की रंगात दोन गोष्टी असतात. एक रंग देणारी भुकटी आणि दुसरी ती भुकटी धरून ठेवणारी राळ, म्हणजे बाइंडर. उन्हातले अतिनील किरण वर्षानुवर्षं ती राळ तोडत जातात, दंव आणि पाऊस त्यात भर घालतात. राळ गेली की भुकटी मोकळी होऊन वर बसून राहते. पांढऱ्या आणि फिक्या रंगांत टायटॅनियम डायऑक्साइड असतं, त्याचीच ती पांढरी भुकटी बऱ्याचदा दिसते. म्हणून निळा पत्रा आधी राखाडी दिसायला लागतो. खाली निळा असतोच, वर पीठ साचलेलं असतं.

मामांनी तोच फडका सगळीकडं ओढून दाखवला. दक्षिणेला आणि पश्चिमेला, जिथं ऊन जास्त, तिथं पट्टा ठळक. छपराच्या वळचणीखाली, जिथं ऊन पोचत नाही, तिथं पीठ जवळजवळ नाही, उलट कारखान्यातून आलेली मूळची चकाकी अजून होती. पण तिथं दुसरीच घाण होती. पाऊस तिथं कधी पोचत नाही, त्यामुळे अठरा वर्षांची धूळ, कांडपाच्या मिरचीची पूड, मशिनचा तेलकट धूर, सगळं तिथं चिकटून बसलेलं. भिंत एकच, पण वर एक दुखणं आणि खाली दुसरं.

मिरचीचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटाला सुरू होतो, म्हणून जानेवारी धरला. पाऊस नाही, गिऱ्हाईक कमी, हवा कोरडी. मोटर बंद करून मेन स्विच पाडला, धान्याच्या पिशव्या पुढच्या खोलीत हलवल्या. मी, माझा भाऊ आणि मामांनी पाठवलेला एक पोरगा असे तिघं कामाला लागलो.

पहिला दिवस माझ्या हट्टात गेला. गाड्या धुणाऱ्या शेजाऱ्याचं प्रेशरचं मशिन आणलं. मला वाटलं जोराच्या पाण्यानं पीठ उडून जाईल. पाणी मारलं, भिंत वाळली, फडका ओढला, आणि पट्टा होता तसाच. थोडा फिका, पण होता. जोराचं पाणी सुटी धूळ नेतं, राळेच्या खाचांत रुतलेली भुकटी नेत नाही. तिला घासावंच लागतं. शिवाय भावानं खालून वर नळी धरली आणि पाणी दोन पत्र्यांच्या जोडातून आत घुसलं. पत्र्याचा जोड वरून येणारं पाणी बाहेर टाकायला केलेला असतो, खालून मारलेलं पाणी तो थोपवणार कसा? आत कोपऱ्यात राहिलेली ज्वारीची एक पिशवी भिजली. गिऱ्हाइकाची होती. तिच्या घरी जाऊन सांगितलं आणि दुसरी ज्वारी दिली. मशिन वापरायचंच असेल तर जोर कमी ठेवा, नळी लांब धरा आणि पाण्याची धार वरून खालीच असू द्या. आम्ही ते नंतर फक्त शेवटच्या धुण्याला वापरलं.

दुसऱ्या दिवसापासून बादली आणि ब्रश. दहा लिटरच्या बादलीत कपडे धुण्याची पावडर साधारण अर्धी वाटी. फरशी घासायचा नायलॉनचा ब्रश लांब दांड्याला बांधला. आधी पत्रा साध्या पाण्यानं ओला करायचा, मग साबणाचं पाणी लावून खालून वर घासत जायचं. मला हे उलटं वाटलं होतं. घरात आपण भिंत वरून पुसतो. पण वरून घासायला घेतलं की मळकं पाणी खालच्या कोरड्या पत्र्यावर ओघळतं आणि त्याचे पट्टे बसतात, ते मग निघता निघत नाहीत. खालचा भाग आधीच ओला आणि घासलेला असला की ओघळ धरत नाही. धुऊन काढायचं मात्र वरून खाली, भरपूर पाण्यानं, आणि साबण पत्र्यावर वाळायच्या आत. म्हणून एका वेळी दोनच पत्रे घ्यायचे.

ब्रश फिरायला लागला तेव्हा जे पाणी खाली आलं ते मी विसरणार नाही. दुधात नीळ टाकल्यासारखं. नालीच्या प्रत्येक खाचेतून वेगळी धार, आणि खाली शहाबादी फरशीवर येऊन सगळ्या धारा एक होत होत्या. तेच पाणी तिसऱ्या धुण्याला जवळजवळ स्वच्छ आलं. हो, तीनदा धुतला. दरवेळी वाळू द्यायचा आणि काळा फडका ओढायचा. ओल्या पत्र्यावर तपासायचं नाही, ओलं असताना पीठ दिसतच नाही आणि आपली फसगत होते. ठेकेदाराच्या माणसांचं तेच झालं असावं. पाणी मारल्यावर पत्रा गर्द निळा दिसला आणि त्यांना तो स्वच्छ वाटला.

ज्यांना हे काम करायचंय त्यांनी काय वापरायचं नाही तेही ऐका, कारण मला सल्ले भरपूर मिळाले. एकानं थिनरनं पुसायला सांगितलं. थिनरनं पीठ जात नाही, ओलं होऊन पसरतं, आणि जुना रंग मऊ पडतो. दुसऱ्यानं फरशीचं ॲसिड सुचवलं. मी भिंतीला हात लावू दिला नाही, पण उरलेला जीआय पत्र्याचा एक तुकडा होता, त्यावर चमचाभर टाकून बघितलं. फसफसून बुडबुडे आले. पत्र्यावर जस्ताची जी बर्फाच्या फुलांसारखी नक्षी असते ती डोळ्यांदेखत विरघळली आणि मागं काळपट डाग उरला. जस्त गेलं म्हणजे लोखंडाचं रक्षण करणारं पांघरूण गेलं. कॉस्टिकही तसंच जस्ताला खातं. साधा साबण पुरतो, हाताला थोडे कष्ट पडतात इतकंच. आणि तारेचा ब्रश सगळ्या भिंतीवर फिरवू नका. कलर कोटेड पत्र्यावरचा कारखान्यातला रंग काही मायक्रॉनचा असतो, तारेनं तो ओरखडला की उद्या तिथूनच गंज सुरू होतो. तारेचा ब्रश फक्त गंजलेल्या जागी. आमच्याकडं तो स्क्रूच्या भोवती होता. वायसरचं रबर कडक होऊन फाटलं होतं आणि प्रत्येक स्क्रूखाली तांबूस ओघळ होता. ते सगळे स्क्रू आणि वायसर बदलले.

वळचणीखाली आणि उत्तरेला काळी बुरशी होती. साबणानं ती पुसट होते, मरत नाही. तिच्यासाठी एक भाग ब्लीचचं द्रावण आणि तीन भाग पाणी, दहा-पंधरा मिनिटं ओलं ठेवून मग भरपूर धुणं. ब्लीचही धातूवर राहून चालत नाही. त्यात संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. माझ्या भावानं दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या होत्या, मी लगेच एक उचलून घरात नेऊन ठेवली.

उत्तरेच्या भिंतीनं मला खरं शिकवलं. तिथं अण्णांचा ऑइल पेंट होता आणि तो पिठाळून नव्हे, सालपटं होऊन सुटत होता, थेट जस्तापर्यंत. मला वाईट वाटलं. अण्णा काम मन लावून करणारे होते, त्यांचा रंग असा का सुटावा? मामांनी सांगितलं की जीआयला ऑइल पेंट थेट धरत नाही, पूर्वी लोक नवा पत्रा वर्षभर ऊन-पावसात ठेवून मग रंगवायचे. मी नंतर त्याचं कारण वाचलं. ऑइल पेंटमधल्या तेलाची जस्ताशी क्रिया होऊन रंगाखाली साबणासारखा पातळ थर तयार होतो आणि रंग त्या साबणावरून निसटतो. यात अण्णांचा काही दोष नव्हता. त्या काळी बाजारात जे मिळत होतं आणि सगळे जे लावत होते तेच त्यांनी लावलं. हे कळल्यावर मला बरं वाटलं.

तो रंग काढताना आम्ही कोरडा घासला नाही. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडं घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा घालणारे नियम २०१६ला निघाले आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाले, आणि अण्णांचा डबा त्याच्या कितीतरी आधीचा. लोखंडाला पूर्वी जो शेंदरी प्रायमर लावत तो तर शिशाचाच, आपला शेंदूर तोच. आमच्या आत लोकांच्या पोटात जाणारं पीठ पडतं. म्हणून खाली प्लास्टिक अंथरलं, पत्रा ओला ठेवून स्क्रॅपरनं सालपटं काढली, वॉटर पेपर पाण्यात बुडवून कडा घासल्या, तोंडाला मास्क, आणि निघालेला कचरा पिशवीत बांधून ठेवला. त्या दोन दिवसांत शेजारची पोरं आणि कोंबड्या त्या बाजूला येऊ दिल्या नाहीत.

रंग कोणता, यावर मामांचं आणि माझं जमेना. त्यांचा जन्म ऑइल पेंटवर गेलेला. त्यांचं म्हणणं, पीठ थोडं राहिलं असेल तर तेलाचा रंग त्यात मुरतो, पाण्याचा वरच राहतो. ते खरं आहे. पण उत्तरेला जस्त उघडं पडलेलं, तिथं तेल चालणार नाही, आणि उन्हात ॲक्रिलिक, म्हणजे पाण्याचा रंग, जास्त टिकतं, लवकर पिठाळत नाही. शेवटी मी म्हटलं, "मामा, भांडू या नको, भिंतीलाच विचारू." दक्षिणेच्या कोपऱ्यात हातभर जागेत दोन ठिगळं मारली, एक त्यांचं, एक माझं, आणि आठ दिवस थांबलो. मग ब्लेडनं दोन्हींवर उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून चौकोन पाडले, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. तीनदा धुतलेल्या जागी दोन्ही रंग जागचे हलले नाहीत. मग मी मामांना न सांगता तिसरं एक ठिगळ मारून ठेवलं होतं ते दाखवलं, एकदाच धुतलेल्या पत्र्यावर. त्याचे निम्मे चौकोन पट्टीबरोबर आले, आणि पट्टीच्या मागं पांढरं पीठ. मामा ती पट्टी उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या मनासारखं कर."

उत्तरेला जस्तावर चालणारा प्रायमर आणि सगळीकडं ॲक्रिलिक, असं ठरलं. वळचणीखाली जिथं चकाकी होती तिथं आधी वॉटर पेपरनं हलकं घासून ती मोडली, नाहीतर रंगाला धरायला काही उरत नाही. गंजाच्या जागी वेगळा प्रायमर. मग दोन हात. निळ्या भिंतींना मिळून दहा लिटर लागला.

वेळेचं एक सांगायला हवं. जानेवारीत पहाटे पत्रा हवेपेक्षा थंड होतो आणि त्यावर दंव बसतं, कधी कधी डोळ्यांना दिसत नाही पण तळहाताला कळतं. दहाच्या आधी डबा उघडायचा नाही. पश्चिमेची भिंत दहा ते साडेबारा, तोवर तिथं सावली असते. दक्षिणेच्या भिंतीवर दुपारी दीडला हात ठेवून बघा, जानेवारीतसुद्धा चटका बसतो. तापलेल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आत वाळतो आणि ब्रशच्या रेघा उठतात. तिला साडेचारनंतर घ्यावं तर रात्रीचं दंव पडायच्या आत रंग सुकायला हवा. म्हणून ती सकाळी दहा ते साडेअकरा अशी तुकड्या-तुकड्यांत, चार दिवसांत केली.

आता एक गोष्ट राहिली. पश्चिमेच्या भिंतीवर अण्णांनी पत्रा घातला त्या वर्षी अक्षरं लिहून घेतली होती, पिवळ्या रंगात: "येथे मिरची, हळद, मसाला कांडून मिळेल." ती कधीच पुसट झाली होती आणि ठेकेदारानं त्यावरून सरसकट रंग मारला होता, तोही सुटून गेला होता. मी ती विसरले होते. दुसऱ्या धुण्याला, भाऊ वरून पाणी सोडत होता आणि मी खाली ब्रश घेऊन उभी, तेव्हा पिवळ्याचे उरलेसुरले कण निघून गेले आणि त्याखाली अक्षरं दिसायला लागली. आजूबाजूचा पत्रा फिका निळा, आणि अक्षरांच्या जागी गर्द, २००७चा निळा. पिवळ्या रंगानं इतकी वर्षं ऊन स्वतःवर घेतलं होतं आणि खालचा निळा राखला होता. "हळद"मधला ळ तर काल लिहिल्यासारखा.

मामांना बोलावलं. ते खुर्चीवर बसले आणि त्या ळकडं बोट करून म्हणाले, "ह्याचं डावं पोट मोठं झालं होतं. आण्णा म्हणाले होते, राहू द्या, आमच्या जात्यासारखं दिसतंय."

ती अक्षरं त्यांच्याच हातची होती. मला माहीत नव्हतं.

रंग द्यायच्या आधी भावानं अक्षरांची मापं घेतली. उंची नऊ इंच, पहिला य दारापासून दोन फुटांवर. ट्रेसिंग पेपर चिकटवून ळ पेन्सिलीनं गिरवून घेतला. दुसरा हात वाळल्यावर चार दिवसांनी मामा ब्रश घेऊन आले. शिडी नको म्हणून दोन पिंपांवर फळी टाकली, भावानं कमरेला धरलं. सुतळी ताणून रेघ मारली आणि दुपारपर्यंत सगळी ओळ लिहून झाली. ळ त्यांनी गिरवलेल्या कागदावरूनच काढला, डाव्या पोटासकट.

पावसाळा झाला. यंदाही आडवाच मारला. दसऱ्याला यंत्राची पूजा झाल्यावर मी काळा फडका घेऊन तिन्ही भिंतींवरून ओढला, वळचणीखालीही. फडका काळाच राहिला. तो आता गिरणीत खुंटीला टांगलाय. पुढच्या दसऱ्याला पुन्हा ओढून बघणार आहे.